वाचून दाखवलेला कागद

२१ एप्रिल २०२०, मंगळवार

निवृत्तीनंतर वही अशी धरलीच नव्हती. आज धरली, कारण सरपंच मच्छिंद्रने मला गावच्या कोरोना समितीचा सचिव केलंय. 'गुरुजी, समदं लिहून ठेवा, उद्या कुनी इचारलं तर कागद पायजे,' असं बजावलंय. समितीचं रजिस्टर वेगळं आहे. त्यात न बसणारं या वहीत लिहीन.

दुपारी साडेतीनला ऊसतोडीची माणसं आली. टेम्पोत अकरा जण. कारखान्यावरच चौदा दिवस वेगळी ठेवून, तपासून सोडलेली. प्रत्येकाच्या डाव्या हातावर शिक्का. पण गाव असं लांब उभं राहिलं की जसं काही लांडगे उतरताहेत. ज्यांचे सख्खे चुलतभाऊ टेम्पोत होते, तेही तोंडाला पंचा गुंडाळून बोरीच्या आड. तिसगावच्या बाजारात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फिरणारी माणसं ही.

मी शाळेच्या पायरीवर उभा राहून वरून आलेला आदेश वाचून दाखवला. या गावात कागद वाचायचा तो मीच. मनीऑर्डर, कोर्टाची नोटीस, सुनेच्या माहेराहून आलेलं पत्र, चव्वेचाळीस वर्षं हेच चाललंय. आता पोरं शिकली, मोबाईल आले, तरी सरकारी कागद म्हटलं की अजून माझ्याकडेच येतात. आदेश असा की परत आलेल्यांनी चौदा दिवस आपापल्या घरीच वेगळं राहायचं. पण समितीचं सकाळीच ठरलं होतं की शाळेत ठेवायचं. एकेका खोलीची घरं यांची, वेगळं राहणार कुठं, डोंबल? म्हणून वाचताना 'घरी'च्या ठिकाणी 'शाळेत' असं वाचलं. उगाच चर्चा नको. कुणी काही विचारलंही नाही. फाटकाला कुलूप घातलं. माझं घर शाळेला लागून, म्हणून किल्ली माझ्याकडे.

सगळ्यांत शेवटी छगन उतरला. चौसष्टीला आला तरी टोळीबरोबर बैलं सांभाळायला जातो. बाकीच्यांनी मला रामराम केला. त्याने केला नाही. तो कधीच करत नाही, त्यात नवं काही नाही.

२२ एप्रिल

सकाळी सातला हजेरी. ताप मोजायचं यंत्र आशा सेविका धनश्री घेऊन आली. ही आपल्या गावची सून, पण शिकलेली बेलापूरला, बोलायला खणखणीत. अकराही जणांना ताप नाही. पुरुष एका वर्गात, बायका दुसऱ्यात. मी नियम लिहून फळ्याशेजारी लावले. एकूण बारा नियम.

घरी आलो तर लंका म्हणते, "आवं, शाळा सुटून नऊ वर्सं झाली आन् तुमी अजून हजरीच घेताय. आता छड्या बी मारा." ही माझी बायको. हिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नसतो. तिने आज घर झाडलं आणि भिंतीवरचं माझं प्रशस्तिपत्र उतरवून ठेवलं. 'राष्ट्रीय कार्यात मोलाचे सहकार्य केल्याबद्दल, १९७६.' काच पुसून मीच परत टांगलं.

छगन दिवसभर पाठीमागच्या खिडकीशी. तिथून ओढ्यापलीकडची वस्ती दिसते. त्याचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि दारात लिंब. मी विचारलं, काय बघतोस रे? म्हणाला, "धूर."

मी म्हटलं, कसला?

"बनूची चूल पेटली का धूर दिसतो. म्हंजी उठली."

२४ एप्रिल

बनुबाई आजारी आहे, हे आज कळलं. फेब्रुवारीतच तिच्या पोटात पाणी झालं, कोयता उचलवेना, म्हणून मुकादमाने तिला घरी धाडलं आणि छगनला घेतलेल्या उचलीची बोली पुरी करायला ठेवून घेतलं. ती अडीच महिने एकटीच आहे. धनश्री जाऊन गोळ्या देऊन येते.

छगन फाटकाशी येऊन म्हणाला, "गुरुजी, मला घंटाभर सोडा. जाऊन येतो."

मी म्हटलं, बाबा, कायदा आहे. एकाला सोडलं तर सगळे मागतील. काय बोलायचं ते फोनवर बोल, मी लावून देतो.

"तिला कमी ऐकू येतं. फोनवर न्हाई कळत."

मग निरोप सांग, धनश्री सांगेल.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "दुसऱ्याच्या तोंडानं सांगायचं न्हाई ते. मलाच सांगायचंय. लई वर्सं ऱ्हायलंय."

दहा दिवसांनी सांग, आभाळ कोसळतंय का, असं मी म्हणालो. हे जरा तुटकच झालं. पण बायकोला काय असं सांगायचंय या वयात? माझ्या मनाला उगाच चाळा लागला आहे.

२६ एप्रिल

अक्षय्य तृतीया. लंकाने पितरांचं पान वाढलं, आंब्याच्या फोडी यंदा नाहीत, बाजार बंद. पाण्याचा करा भरून ठेवताना मनात आलं, छगनला मागे कोण पाणी घालणार? ना पोर ना बाळ. बनुबाईने किती नवस केले असतील. मोहट्याच्या देवीला अनवाणी जायची, दरवर्षी. गावातल्या बारशाला तिला कुणी बोलवत नसे. लंका बोलवायची, तर आमच्या आईने एकदा बनुबाईच्या हातून कुंकवाची वाटी काढून घेतली होती. मी ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होतो, ते मला आठवतं.

हे का लिहिलं कोण जाणे. जेवण जड झालं असावं.

२९ एप्रिल

धनश्री सांगते, बनुबाईच्या पायांवर सूज चढली आहे. लंका भाकरी बांधून निघाली होती, "मी बसते तिच्यापाशी दोन घटका" म्हणून. मी तिला उंबऱ्यात अडवलं. संचारबंदीचं कलम लागू आहे, पोलिसांनी पाहिलं तर सचिवाचीच बायको म्हणून बोभाटा होईल. दुसरं म्हणजे, माझं वय सदुसष्ट, तिचं त्रेसष्ट, आजार घरात आला तर? लंका म्हणाली, "त्या बाईला कोरोना न्हाई, पोटात पानी झालंय. पानी काय उडत येतंय व्हय?" तरी मी जाऊ दिलं नाही. भाकरी धनश्रीने नेली.

रात्री लंकाने माझं ताट वाढलं आणि आत जाऊन झोपली.

१ मे

महाराष्ट्र दिन. यंदा शाळेत झेंडा नाही, तसं वरूनच कळवलंय. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच असं झालं. मी तरी सवयीने धुतलेलं धोतर नेसून फाटकापर्यंत गेलो. आत अकरा माणसं, बाहेर मी, खांब मोकळा. टोळीतला सूर्यभान म्हणाला, "गुरुजी, आमी राष्ट्रगीत म्हनू का?" चेष्टा होती का खरं, कळलं नाही.

आता मलाही सकाळी उठल्यावर ओढ्यापलीकडे बघायची खोड लागली आहे. साडेसहाला धूर निघाला. बरं वाटलं.

५ मे

चौदा दिवस काल संपले. सकाळीच सगळे गाठोडी बांधून व्हरांड्यात बसले होते. मी किल्ली घेऊन निघणार तोच मच्छिंद्रचा फोन: "थांबा गुरुजी. नगरला पेशंट वाढल्याती. गावाचं मत हाय का आजून चौदा दिस ठेवावं."

मी विचारलं, तसा आदेश आहे का?

"आदेश कशाला पायजे? साथ हाय, इमर्जन्सी हाय. गाव ठरवील तोच आदेश."

पण त्यालाही भीती आहेच. उद्या कुणी तक्रार केली तर? म्हणून त्याने युक्ती सांगितली. 'आम्ही स्वखुशीने शाळेत राहत आहोत' असा कागद करायचा आणि प्रत्येकाचा अंगठा घ्यायचा. मजकूर मी लिहायचा. मी लिहिला. चार ओळींचा, शुद्ध, एकही खाडाखोड नाही.

फाटक उघडलं नाही तेव्हा कुणी आरडाओरड केली नाही. गाठोडी परत आत गेली. ते मला जास्त लागलं.

६ मे

अंगठे घेतले. रांगेने दहा जण आले, शाई लावली, उठवला. मी वाचून दाखवलं, 'गावाच्या भल्यासाठी आणखी काही दिवस, समिती जेवणाची सोय करील.' 'स्वखुशीने' हा शब्द मी वाचला नाही. काय गरज?

अकरावा छगन. त्याने हात पाठीमागे घेतला.

"आदी वाचून दाखवा."

आत्ता वाचलं की, मी म्हणालो.

"तुमी नगं. धनश्रीताईला वाचू द्या."

धनश्री नव्हती. मी म्हटलं, अरे, चव्वेचाळीस वर्षं या गावाचे कागद मी वाचतोय, माझ्यावर भरवसा नाही का तुझा?

तो शांतपणे म्हणाला, "तुमी वाचल्याला एक कागद माझ्या अंगावर हाय, गुरुजी." आणि आत निघून गेला.

मी घाईने कागद उचलला. शाईचा डबा पायरीवर सांडला, डाग अजून आहे.

म्हणजे त्याला माहीत आहे! मला वाटत होतं की नाही. चव्वेचाळीस वर्षं मी असंच धरून चाललो होतो.

आता लिहूनच टाकतो. नाहीतरी ही वही कोण वाचणार. १९७६. मी तेवीस वर्षांचा, नोकरीत दुसरंच वर्ष. देशात आणीबाणी. प्रत्येक शिक्षकाने नसबंदीच्या तीन केसेस आणायच्या, नाहीतर पगार बंद. दोन मला मिळाल्या, चार-चार लेकरांचे बाप होते, राजी होते. तिसरी मिळेना. मुदत संपायला दोन दिवस राहिले. माझं लग्न ठरलेलं. छगन तेव्हा वीस वर्षांचा, होळीच्या आधीच त्याचं लग्न झालेलं, शाळेचं पाणी भरायचा, माझ्याशी अदबीने वागायचा. कामाच्या शोधात होता. मी त्याला म्हटलं, तालुक्याला चल, रोजगार हमीच्या कामावर नाव लावून देतो. तिथे शिबिर होतं. छापील कागद मी भरला. वय चौतीस, अपत्ये दोन. त्याने नेहमीसारखं म्हटलं, 'गुरुजी, वाचून दाखवा.' मी वाचून दाखवलं, 'कामावर नाव नोंदवत आहे, तब्येतीची तपासणी करून घेण्यास माझी हरकत नाही.' त्याने हसत अंगठा दिला. नंतर त्याला सांगितलं, आतली गाठ काढली, आठ दिवस जड उचलू नको.

सगळीकडे तसंच चाललं होतं. मी एकटाच नव्हतो. वरून दट्ट्या होता. न आणली असती तर मला घरी बसवलं असतं.

हे सगळं खरं आहे. तरी लिहून झाल्यावर बरं वाटलं नाही.

७ मे

धूर निघाला, पण आठ वाजता. झोप नाही. प्रशस्तिपत्र उतरवून कपाटामागे सरकवलं. लंकाने पाहिलं.

८ मे

सकाळी धूर नाही.

मी साडेसहा, सात, साडेसात असा बघत राहिलो. आठ वाजता छगन फाटकाशी आला, दोन्ही हातांनी गज धरले. "गुरुजी, धूर न्हाई."

मी धनश्रीला पिटाळलं. ती अर्ध्या तासात परत आली. बनुबाईला उठवत नाही, दम लागतोय. तिने पाणी पाजलं, तांब्या भरून उशाशी ठेवला. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली तर गाडीवाला म्हणतो उद्या, पास नाही. "सारखं विचारतायत, मालक आले का, मालक आले का," असं धनश्री म्हणाली आणि तिला रडू आलं. मग ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, यांना कशाला डांबून ठेवलंय अजून?"

आदेश आहे, मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तिने मोबाईल काढला. तिला आशांच्या ग्रुपवर तोच आदेश एप्रिलमध्येच आला होता. ती फाटकासमोर उभी राहून मोठ्याने वाचायला लागली, शाळेतल्या पोरीसारखी, शब्द न शब्द. 'आपापल्या घरीच.' 'चौदा दिवस.' 'त्यानंतर कोणतेही निर्बंध राहणार नाहीत.' कुलुपाचा कुठं उल्लेख नाही. शाळेचा तर नाहीच.

आतली सगळी माणसं गजांशी गोळा झाली होती. सूर्यभान म्हणाला, "मंग गुरुजी, त्या दिशी तुमी काय वाचलं?"

छगन नुसता बघत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

मी मच्छिंद्रला फोन लावला. तो भडकला. "सोडलं आन् गावात कायबी झालं तर तुमच्या नावानं गुन्हा नोंदवीन. सचिव तुमी हाय. पेन्शनीचं बघा." उद्या अकराला समितीची बैठक घेऊ, तोवर कुलूप उघडायचं नाही, असं ठरलं.

किल्ली माझ्या बंडीच्या खिशात होती. छगन चार पावलांवर. मी त्याला म्हटलं, उद्या अकरा वाजता नक्की. मी स्वतः बोलतो बैठकीत.

तो म्हणाला, "उद्या." एवढंच.

लंका म्हणाली, मी जाते बनूपाशी. मी पुन्हा नाही म्हटलं. म्हटलं, एक रात्र तर आहे.

९ मे

आज मला सगळं क्रमाने लिहायचं आहे.

पाचलाच उठलो. उजाडलं तेव्हापासून ओढ्यापलीकडे बघत होतो. धूर नाही. सव्वासहाला बैठक, समिती, पेन्शन सगळं बाजूला ठेवून फाटकाशी गेलो आणि कुलूप काढलं. छगन पायरीवर बसूनच होता, रात्रभर तिथेच बसला असावा. मला वाटलं, पळत सुटेल. तो पळाला नाही. चपला घातल्या, पटका नीट बांधला आणि चालत गेला. मी मागून.

दार लोटलेलं होतं. बनुबाई दाराकडे तोंड करून कुशीवर. अंग गार पडलेलं. धनश्रीने भरून ठेवलेला तांब्या तसाच भरलेला, हात तिथवर पोचला नसावा. चुलीत लाकडं रचलेली होती, परवा रात्रीच तिने रचून ठेवली असावीत, पेटवायची राहिली होती.

छगन तिच्याजवळ बसला. तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. मग थांबला, जसं ती उत्तर देईल. परत बोलला, जरा मोठ्याने. मला शब्द ऐकू आले नाहीत आणि मी दारातच उभा राहिलो.

अकराला बैठक झालीच नाही. बाकीचे दहा जण गाठोडी घेऊन आधी छगनच्या दारात आले, मग आपापल्या घरी गेले. मच्छिंद्रही आला, तोंडावर रुमाल, म्हणाला लई वाईट झालं. त्याने गुन्ह्याचं नाव काढलं नाही. खांद्याला माणसं कमी पडली तेव्हा मी पुढे झालो. छगन म्हणाला, "तुमी नगं. तुमी मागनं या."

मी मागून गेलो.

११ मे

लंका घरात वावरते, पण माझ्याकडे बघत नाही. आज भाकरी थापता थापता एकदम म्हणाली, "दोन डाव म्हनले जाते म्हनून. दोन डाव." पाचला जाग येते, मी खिडकीशी जातो, ओढ्यापलीकडे बघतो. छगन चूल पेटवत नाही. वस्तीवरून कुणीतरी त्याला भाकरी देतं.

१८ मे

दहावा. ओढ्याच्या काठी पिंड ठेवला. पाचच माणसं, आता तसंच आहे. मी लांब बाभळीखाली. कावळा शिवणार नाही, असं मी धरून चाललो होतो. मनाशी ठरवूनच आलो होतो की शिवला नाही की पुढे व्हायचं, सगळ्यांसमोर बोलायचं. कावळ्याने माझ्याकडून बोलवून घ्यावं, अशी माझी इच्छा होती.

ठेवला आणि लगेच शिवला. छगनने हात जोडले, सगळे घरी निघाले.

घरी येऊन लंकाला सांगितलं. ती म्हणाली, "तिची काय विच्छा ऱ्हानार? तिनं कवा कुनाकडं काय मागितलं? ज्याची ऱ्हायली त्यानं बोलावं." आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एकवीस एप्रिलपासूनची ही वही ट्रंकेवरच पडलेली असते. लंकाला वाचता येतं, चौथीपर्यंत मीच शिकवलंय. हे आजवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२१ मे

आज छगनकडे गेलो. तो दारात लिंबाखाली बैलाचं दावं वळत होता. बस म्हणाला नाही, उठ म्हणाला नाही. मी खाली मातीत बसलो.

मी म्हणालो, छगन, शहात्तर सालचं... पुढे शब्द फुटेना. छत्तीस वर्षं पोरांना धडे दिले, पण हे वाक्य पुरं होईना.

तो म्हणाला, "मला ठावं हाय. आठ्ठ्याहत्तरला नगरला गेल्तो दवाखान्यात, पोर का व्हईना म्हनून. डाक्टरनं बघितलं, हासला, म्हनला, आरं तूच करून घेतलंयस की."

मग मला येऊन का नाही धरलंस, मी विचारलं. गचांडी धरायची, मारायचं.

"धरनार हुतो. दोनदा आल्तो तुमच्या दारापत्तुर." दाव्याचा पीळ त्याने घट्ट केला. "पन मंग समद्या गावाला कळलं असतं. मला लाज वाटली. मरदाला लाज वाटली, म्हनून मी गप बसलो. आन् बनूला बी न्हाई सांगितलं."

मला समजायला वेळ लागला. म्हणजे बनुबाईला...

"तिला वाटायचं का खोट तिच्यातच हाय. आनवानी मोहट्याला जायची. लोकं बारशाला बोलवायची न्हाईत. माझ्या आयनं तिला वांझोटी म्हनलं, माझ्या म्होरं म्हनलं, मी भाकर खात हुतो. चव्वेचाळीस वर्सं, गुरुजी. तुमी माझ्याशी खोटं वाचलं, आन् मी तिच्याशी. यंदा तिला उसात दम लागला तवाच ठरवलं का सांगायचं. पन टोळीत, समद्यांत कसं सांगू. म्हनलं घरी गेल्यावर. चुलीम्होरं बसून, मोठ्यांदी. शाळेतनं रोज धूर बघायचो आन् म्हनायचो, ऱ्हा गं आजून दोन दिस."

ऊन डोक्यावर आलं होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. माफी मागितली. माफी हा शब्द तोंडातून बाहेर आल्यावर किती पोकळ वाटला! छगन म्हणाला, "त्येचं काय करू मी?"

मग तो उठून आत गेला आणि मला हाक मारली. घरात अंधार होता, चुलीपाशी शेणाने सारवलेली जागा, तिथे पणती. लाकडं अजून तशीच रचलेली. त्याने त्यांना हात लावला नव्हता.

"वही हाय का जवळ?"

ही वही पिशवीत होती. मीच घेऊन गेलो होतो, का ते माहीत नाही.

"लिवा. खरं काय ते. तारखेसकट."

मी मांडी घालून बसलो आणि लिहिलं. पुढच्या ओळी तिथे लिहिलेल्या आहेत, अक्षर वाकडं आहे ते त्यामुळे.

'छगन, वय वीस, लग्न होऊन आठ महिने, अपत्य नाही. याला न सांगता, कामावर नाव लावतो असं खोटं वाचून दाखवून, ऑक्टोबर १९७६ मध्ये मी तालुक्याच्या शिबिरात नेलं व त्याची नसबंदी करवली. वय व अपत्ये मी खोटी लिहिली. त्याची बायको बनुबाई हिच्यात काहीही दोष नव्हता. एप्रिल-मे २०२० मध्ये घरी राहण्याचा आदेश असताना तो शाळेत असं मी खोटं वाचलं व मुदत संपल्यावरही कुलूप उघडलं नाही. त्यामुळे त्याला हे तिला सांगता आलं नाही. लिहिणार व वाचून दाखवणार, वैजनाथ, निवृत्त शिक्षक.'

छगनने कागदाकडे पाहिलंही नाही. पणतीकडे बोट केलं.

"आता तिला वाचून दाखवा."

मी वाचलं. एकही शब्द गाळला नाही आणि एकही बदलला नाही.

वाचून झाल्यावर छगनने काडी ओढून चूल पेटवली. लाकडं सुकून खडखडीत झाली होती, लगेच धरली. धूर पत्र्याच्या फटीतून बाहेर निघाला.

"पुन्यांदा वाचा, गुरुजी," तो म्हणाला. "मोठ्यांदी. तिला कमी ऐकू येतं."